मुतखड्यापर्यंतची वाट

मुतखडा झालेला एक तरी सहकारी प्रत्येक शिक्षककक्षात असतोच. त्याच्याभोवती सल्लेही लगेच जमतात. कोणी कुळथाचे कढण सांगतो, कोणी पाणफुटीची पाने, कोणी दिवसाला तीन लिटर पाणी. यांतला पाण्याचा सल्ला निःसंशय चांगला. खडा चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुतेक वेळा तो आपोआप लघवीवाटे पडून जातो आणि श्रेय कढणाला मिळते. कढणाशी आमचे काही वैर नाही. पण या लेखात आम्ही ज्या खड्यांविषयी सांगणार आहोत ते बोराएवढे, लिंबाएवढे, तर कधी सांबराच्या शिंगासारखे फांद्या फुटलेले असतात. ते पाण्याने पडत नाहीत आणि कढणानेही पडत नाहीत.

का पडत नाहीत, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाची रचना थोडी आठवावी लागेल. मूत्रपिंड सुमारे ११ सेंटिमीटर लांब असते. पोटाच्या पोकळीच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला ते बसलेले असते. त्यात गाळून तयार झालेली लघवी प्रथम छोट्या छोट्या पेल्यांत उतरते. हे आठ-दहा पेले एका नरसाळ्यात उघडतात आणि नरसाळ्याच्या टोकाला मूत्रवाहिनी जोडलेली असते. ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. खडा धरतो तो पेल्यात किंवा नरसाळ्यात. तिथे तो वाढत राहिला तर साच्यात ओतलेल्या प्लास्टरसारखा पेल्यापेल्यांत शिरतो आणि त्याला शिंगाचा आकार येतो.

असे शिंगासारखे खडे पुष्कळदा जंतुसंसर्गातून होतात. काही जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे स्फटिक बसू लागतात. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना ही अभिक्रिया फळ्यावर सहज मांडता येईल. रुग्णाच्या दृष्टीने वाईट गोष्ट ही की, मोठा खडा पुष्कळदा फारसा दुखत नाही. कळा येतात त्या हलणाऱ्या लहान खड्याच्या. मोठा खडा जागच्या जागी बसून वर्षानुवर्षे मूत्रपिंड निकामी करत राहतो.

म्हणजे तो काढायला हवा, आणि काढायचा तर बाहेरून आत जायला हवे. इथेच सगळी अडचण आहे. आपले हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते, त्यातले एक लिटरहून अधिक रक्त या दोन मूत्रपिंडांत जाते. त्यांचे एकत्रित वजन शरीराच्या सुमारे अर्धा टक्का. एवढ्याशा अवयवात एवढे रक्त! तिथे सुरी चालवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मुतखड्यावरची शस्त्रक्रिया फार जुनी आहे असे आपण वाचतो आणि ते खरेही आहे. पण ती जुनी शस्त्रक्रिया मूत्राशयातल्या खड्यावरची आहे, मूत्रपिंडातल्या नव्हे. हा फरक पुष्कळ पुस्तकांतून निसटतो. सुश्रुतसंहितेत अश्मरीची शस्त्रक्रिया तपशिलाने दिली आहे. गुदमार्गात बोटे घालून खडा खाली आणायचा आणि शिवणीच्या डाव्या बाजूला जवाएवढे अंतर सोडून छेद घ्यायचा. या वर्णनापेक्षा आम्हाला त्याआधीची सूचना अधिक बोलकी वाटते. शस्त्रक्रिया केली नाही तर मृत्यू नक्की आणि केली तर यशाची खात्री नाही, म्हणून राजाला विचारून मगच ती करावी, असे तिथे सांगितले आहे. युरोपात तर हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत खड्यासाठी सुरी चालवणार नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोपवीन, असे वैद्याकडून वदवून घेत असत.

मूत्राशयाला एक सोय असते. तिथे जायला निसर्गाने दिलेली वाट आहे, मूत्रमार्गाची. १८२४ च्या जानेवारीत पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात झाँ सिव्हियाल या तरुण डॉक्टरने त्याच वाटेने एक उपकरण आत घातले, त्याच्या नख्यांत खडा पकडला आणि भोके पाडून तो फोडला. कुठेही छेद न घेता! या पद्धतीच्या समर्थनासाठी सिव्हियालने पुढे आणखी एक काम केले आणि आमच्या मते ते उपकरणाइतकेच मोलाचे आहे. त्याने आकडे जमवले. जुन्या छेदाच्या पद्धतीच्या पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रियांत दर शंभर रुग्णांमागे सुमारे १९ दगावले होते, तर खडा फोडण्याच्या तीनशेवर शस्त्रक्रियांत शंभरामागे सुमारे दोन. १८३५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने या आकड्यांवर समिती नेमली. तिच्यात प्वासाँ हा थोर गणिती होता. गंमत म्हणजे समितीचा सूर फारसा अनुकूल नव्हता. वैद्यकात प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, त्याला सरासरीत बुडवता येत नाही, असे तिचे म्हणणे होते. आजचा वाचक दुसरीच शंका काढील. फोडायला सोपे असे लहान खडे नव्या पद्धतीकडे आणि अवघड खडे सुरीकडे, अशी वाटणी तर झाली नव्हती ना? अकरावीच्या वर्गात संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

मूत्रपिंडाला मात्र अशी सोयीची वाट नाही. खालून जावे तर मूत्रमार्ग, मूत्राशय आणि मग ती तीन-चार मिलिमीटरची नळी. म्हणून मूत्रपिंडातल्या खड्याकडे शस्त्रवैद्य फार उशिरा वळले. मूत्रपिंड एक काढले तरी माणूस जगतो, हेच मुळी १८६९ मध्ये हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून आणि मग एका स्त्रीवर शस्त्रक्रिया करून दाखवले. १८८० मध्ये लंडनच्या हेन्री मॉरिस यांनी एरवी धडधाकट असलेल्या मूत्रपिंडातून खडा काढला. तरी खडा नेमका कुठे आहे हे उघडल्याशिवाय कळत नसे. १८९५ च्या अखेरीस राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोत जॉन मॅकिन्टायर यांनी मूत्रपिंडातल्या खड्याचे क्ष-किरण चित्र घेतले. आत काय आहे ते दिसू लागले, पण तिथवर पोचायचा रस्ता अजून कुशीतून पोटापर्यंत जाणाऱ्या वीतभर छेदाचाच होता. कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. रुग्ण कामावर परतायला महिना-दीड महिना लागे. खडा पुन्हा होणाऱ्यांची संख्या मोठी, त्यामुळे त्याच कुशीत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा छेद घ्यावा लागे, आणि प्रत्येक वेळी जुन्या व्रणांच्या चिकटलेल्या ऊतींतून वाट काढणे अधिक कठीण होई. तिसऱ्या-चौथ्या वेळी खड्याबरोबर मूत्रपिंडही काढून टाकण्याची पाळी येत असे.

या काळातली एक गोष्ट मात्र आपल्या पुढच्या कथेला फार उपयोगी पडते आणि ती एका चित्रकाराची आहे. माक्स ब्रॉडेल हा लाइपझिगचा चित्रकार अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शरीररचनेची चित्रे काढण्यासाठी गेला. जे समजले नाही ते काढायचे नाही, अशी त्याची वृत्ती. मूत्रपिंडाचे चित्र काढायचे म्हणून त्याने आतल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास केला आणि १९०१ मध्ये तो प्रसिद्ध केला. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ हिर्टल यांनी आधी जे सुचवले होते ते त्याने स्पष्ट करून दाखवले. मूत्रपिंडाची धमनी आत शिरताना पुढची आणि मागची अशा फांद्यांत विभागते. या दोन फांद्यांची हद्द जिथे मिळते तो पट्टा बाहेरच्या फुगीर कडेच्या किंचित मागे असतो आणि तिथे मोठ्या वाहिन्या नसतात.

हे महत्त्वाचे का? मूत्रपिंडातल्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकच रस्ता असलेल्या गावासारखी त्यांची अवस्था. रस्ता तुटला की गावाची रसद बंद. एक धमनी कापली गेली तर तिच्यावर अवलंबून असलेला मूत्रपिंडाचा तुकडा मरतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बॉइस आणि स्मिथ यांनी ब्रॉडेलच्या याच हद्दीवर आधारलेली शस्त्रक्रिया बसवली. धमनी चिमट्याने बंद करायची, मूत्रपिंड बर्फाने गार करायचे, पुस्तकासारखे उघडायचे, शिंगखडा उचलायचा आणि पुन्हा शिवायचे. खडा पूर्ण निघे. पण हे सगळे उघड्या कुशीतून.

आता गोष्ट दुसऱ्याच टोकाकडून सुरू होते. शस्त्रवैद्य खड्याकडे जायचा रस्ता शोधत असताना, इतर काही मंडळी खड्याचा विचारही न करता मूत्रपिंडाला भोक पाडत होती.

मूत्रवाहिनी खड्याने किंवा गाठीने बंद झाली की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते, ताप येतो, रुग्ण अत्यवस्थ होतो. अशा वेळी मूत्रपिंडात नळी बसवून तुंबलेली लघवी पाठीवाटे बाहेर काढतात. ही नळी पूर्वी शस्त्रक्रिया करूनच बसवत. १९४१ मध्ये अमेरिकेतील रूपेल आणि ब्राउन यांच्याकडे खड्यामुळे लघवी बंद झालेला एक रुग्ण होता. त्याला अशी नळी आधीच बसवलेली होती. त्यांनी मूत्राशय पाहायची दुर्बीण त्या तयार भोकातून आत घातली आणि राहिलेला खडा काढला. कल्पना इथेच हाती आली होती. पण भोक पाडण्यासाठी मुळात कूस उघडावी लागली होती, त्यामुळे तिचा विस्तार झाला नाही.

कूस न उघडता भोक पाडण्याचा मान १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विलर्ड गुडविन यांच्याकडे जातो, आणि तोही काहीसा अपघाताने. रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्यासाठी पाठीतून घातलेली सुई फुगलेल्या मूत्रपिंडाच्या पोकळीत गेली. गुडविन यांनी ती चूक म्हणून काढून टाकली नाही. सुईतून क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून त्यांनी पोकळीचे चित्र घेतले. नंतर अशा रुग्णांना त्यांनी पाठीतून नुसत्या सुईने नळी बसवायला सुरुवात केली. फुगलेल्या मूत्रपिंडात सुई घालणे तुलनेने सोपे, कारण निशाण मोठे असते.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती. जाड नळी आत घालायची तर जाड सुई लागते आणि जाड सुईने रक्तस्राव होतो. सेल्डिंगरने बारीक सुई घातली, तिच्यातून लवचीक तार आत सोडली, तार तशीच ठेवून सुई काढून घेतली आणि मग तारेवरून नळी सरकवली. पायजम्यात नाडी ओवताना आपण काडीचा उपयोग करतो, त्याच घरगुती जातीची ही युक्ती. पण तिच्यामुळे एक नियम मिळाला. तार आत आहे तोवर वाट हरवत नाही. आज हृदयाच्या रक्तवाहिन्यांत फुगा घालतात तोही याच नियमाने.

गुडविनची सुई आणि सेल्डिंगरची तार यांची गाठ पडली ती पुन्हा स्टॉकहोममध्येच. १९७६ मध्ये इंगमार फर्नस्ट्रॉम हे क्ष-किरणतज्ज्ञ आणि बेंग्ट योहान्सन हे मूत्ररोगतज्ज्ञ यांनी एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण किती? तीन. पाठीतून सुईने मूत्रपिंडात वाट केली, मग काही दिवस थांबत थांबत, दर वेळी आधीपेक्षा जाड नळी घालून ती रुंद केली. वाट पुरेशी रुंद झाल्यावर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत अखंड खडा ओढून काढला. नळी केवळ लघवी बाहेर येण्यासाठी होती, ती आता आत जाण्याचा रस्ता झाली. यापूर्वीची नळी इतर कारणाने बसलेली असायची. इथे प्रथमच केवळ खड्यासाठी वाट पाडली गेली.

वाट रुंद केली, कापली नाही, याकडे लक्ष द्यावे. कापले तर जे मध्ये येईल ते तुटते. हळूहळू ताणले तर ऊती बाजूला सरतात, पुष्कळशा वाहिन्याही बाजूला सरतात, आणि नळी काढली की वाट मिटते. जांभळाच्या झाडाखालून जाताना फांद्या तोडत जाणे आणि हाताने बाजूला सारत जाणे, एवढा हा फरक आहे.

पण दिवसचे दिवस वाट रुंद करत बसणे व्यवहाराला परवडणारे नव्हते. जर्मनीत माइन्झ इथल्या पीटर आल्केन यांनी ट्रान्झिस्टरच्या एरियलसारख्या एकावर एक बसणाऱ्या धातूच्या नळ्या तयार केल्या. तारेवरून एकेक सरकवत गेले की काही मिनिटांत वाट रुंद होई, आणि नळ्यांचा दाब बसल्याने रक्तही थांबे. अमेरिकेत मिनेसोटात आर्थर स्मिथ आणि कुर्ट अम्प्लाट्झ या जोडीने प्लास्टिकच्या नळ्या आणि वाट उघडी ठेवणारे म्यान बनवले. लंडनमध्ये जॉन विकहॅम यांनी हे तंत्र रुजवले. शरीराला कमीत कमी इजा करणारी शस्त्रक्रिया, हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय त्यांना देतात. विकहॅम आधी उघड्या शस्त्रक्रियेतले निष्णात होते. ज्या कौशल्यावर नाव मिळवले तेच मागे टाकायला ते तयार झाले, हे आम्हाला विशेष वाटते.

वाट मिळाली तरी आणखी दोन अडचणी होत्या. आत दिसायला हवे, आणि वाटेपेक्षा मोठा खडा फोडायला हवा.

दिसण्याची सोय भौतिकशास्त्राने आधीच करून ठेवली होती. जुन्या दुर्बिणीत लांब नळीत पातळ भिंगे अंतराअंतरावर बसवत, मधली जागा हवेची. प्रतिमा अंधूक येई. हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हे उलटे केले. नळीत काचेच्या लांब दांड्या बसवल्या आणि त्यांच्यामध्ये हवेच्या छोट्या फटी ठेवल्या, म्हणजे जणू हवेचीच भिंगे. प्रकाश कितीतरी अधिक येऊ लागला आणि दुर्बीण बारीकही करता आली. आत उजेड पाडायला दिव्याऐवजी काचतंतूंची जुडी वापरता येऊ लागली. तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे दाखवणारा १९५४ मधला निबंध याच हॉपकिन्स यांनी पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांच्याबरोबर लिहिला होता. पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवताना कपानींचे नाव घ्यायला आपण विसरू नये.

फोडण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग झाला. १९७७ मध्ये माइन्झच्याच डॉक्टरांनी शिंगखडा असा फोडल्याची नोंद केली. धातूची पोकळ सळई सेकंदाला हजारो वेळा कंप पावते. तिचे टोक खड्याला टेकवले की खडा झिजतो, आणि चुरा त्याच पोकळीतून शोषून घेता येतो. मऊ ऊती मात्र कंपनाबरोबर हलतात, त्यामुळे त्यांना इजा कमी होते. पुढे दाबलेल्या हवेने ठोके देणारी सळई आली, मग लेझर आला.

आज ही शस्त्रक्रिया कशी चालते ते थोडक्यात पाहू. भूल दिल्यावर प्रथम खालून, मूत्रमार्गातून, एक बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत सरकवतात आणि तिच्यातून क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून पेले भरतात. मग बहुधा रुग्णाला पालथे करतात. स्पेनच्या व्हाल्दिव्हिया यांनी उताणे ठेवूनही हे जमते असे दाखवल्यावर काही जण तसेच करतात. त्यात भूलतज्ज्ञाला श्वासाची काळजी कमी असते. आता सुई. पडद्यावर दिसते ती सावली आणि सावलीला खोली नसते. पेला सुईच्या पुढे आहे की मागे, हे एका चित्रावरून कळत नाही. म्हणून इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे क्ष-किरण यंत्र फिरवून दोन कोनांतून पाहतात, किंवा किरणांच्या रेषेतच सुई धरतात. ती बिंदूसारखी दिसली आणि बिंदू पेल्यावर आला, तर नेम बरोबर आहे. सोनोग्राफीवर पाहूनही सुई घालतात. सुई जायला हवी ती मागच्या पेल्याच्या टोकातून. तिथेच वाहिन्या बारीक असतात, आणि ही दिशा ब्रॉडेलच्या हद्दीजवळून जाते. नरसाळ्यात थेट सुई घातली तर मोठ्या वाहिनीला धक्का लागण्याची भीती असते.

सुईतून लघवी आली की तार, तारेवरून नळ्या, शेवटी म्यान. म्यानाची जाडी साधारण आठ ते दहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षा कमी. डॉक्टर ती २४ किंवा ३० अशी सांगतात. हे माप शारिएर या पॅरिसच्या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराचे आहे. तीनने भागले की मिलिमीटर मिळतात. दुर्बिणीतून सतत मिठाचे पाणी सोडतात. साधे पाणी चालत नाही, कारण ते रक्तात शोषले गेले तर तांबड्या पेशी फुगून फुटतात. म्हणून ०.९ टक्के मीठ. परासरणाचा प्रयोग शाळेत बटाट्यावर करतो, तोच हा धडा.

हे सारे जुळून येत असतानाच एक प्रतिस्पर्धी आला, आणि असा की ही पद्धत बाजूला पडते की काय असे वाटावे. पश्चिम जर्मनीच्या डॉर्निए या विमान कंपनीत, अतिवेगवान विमानांच्या धातूवर पावसाचे थेंब आपटून होणाऱ्या इजेचा अभ्यास चालू होता. त्यातून आघातलहरींविषयी जे कळले ते खड्यांवर वापरले गेले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या टबात बसवलेल्या रुग्णाचा खडा बाहेरूनच, एकही छेद न घेता फोडला. भोकही नको! अनेक ठिकाणी ही यंत्रे आली आणि मोठे खडेही त्यांच्याखाली आले.

पण फुटलेला खडा नाहीसा होत नाही. त्याचे तुकडे त्याच तीन-चार मिलिमीटरच्या नळीतून जायचे असतात. मोठ्या खड्याचे शेकडो तुकडे एकामागे एक अडकून नळीभर रांग लागते. जर्मन डॉक्टरांनी तिला दगडांचा रस्ता असेच नाव दिले. ज्या नळीच्या अरुंदपणामुळे ही कहाणी सुरू झाली तिनेच पुन्हा अडवले. त्यामुळे वाटणी अशी ठरत गेली. लहान खड्यांना आघातलहरी किंवा खालून जाणारी लवचीक दुर्बीण, आणि दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांना पाठीतली वाट. आजही सर्वसाधारण नियम हाच आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८५ मध्येच हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. स्टॉकहोमच्या तीन रुग्णांपासून हे अंतर अवघ्या नऊ वर्षांचे.

कमीत कमी इजेची शस्त्रक्रिया म्हणताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्वचेवरची जखम लहान असते. आत ज्यातून वाट जाते तो अवयव तोच आहे, मिनिटाला लिटरभर रक्ताच्या वाटणीतला. सिव्हियालप्रमाणे इथेही मोजायलाच हवे, आणि ते झाले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत ९६ केंद्रांतील ५,८०३ रुग्णांची नोंद होती. शंभरातल्या सुमारे सहा जणांना रक्त द्यावे लागले, दहा-अकरा जणांना ताप आला, दोघांच्या छातीत पाणी झाले. छातीत का? मूत्रपिंड शेवटच्या बरगड्यांआड असते आणि फुप्फुसाचे आवरण तिथपर्यंत उतरलेले असते. आणि सुमारे ७६ जणांचा खडा पूर्ण निघाला होता. म्हणजे चौघांपैकी एकाच्या मूत्रपिंडात काही ना काही उरले होते.

वाट आणखी बारीक करून रक्तस्राव कमी करण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहेत. त्यात आपल्या शेजारच्या गुजरातचा वाटा मोठा आहे. २०११ मध्ये नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयातील महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी जेमतेम १.६ मिलिमीटर जाडीच्या सुईतून खडा फोडल्याचे पहिले रुग्ण प्रसिद्ध केले. त्या सुईतच दुर्बीण, पाणी आणि लेझरचा तंतू असतो. पण इतक्या बारीक वाटेने तुकडा बाहेर काढता येत नाही. खड्याची भुकटी करायची आणि ती नैसर्गिक वाटेने जाऊ द्यायची, म्हणून ही पद्धत लहान खड्यांची. शिंगखड्याची भुकटी करून सोडली तर तो दगडांचा रस्ता पुन्हा समोर. वाट बारीक केली की पाणी बाहेर यायलाही जागा कमी, आत दाब वाढतो आणि खड्यातले जंतू रक्तात ढकलले जाण्याची भीती वाढते. त्यामुळे मोठ्या खड्यासाठी पुष्कळ डॉक्टर अजूनही रुंद वाटच पसंत करतात. कोणती किती रुंद, यावर त्यांच्यात अजून वाद आहेत.

उरलेल्या त्या तुकड्यांची काळजी एवढ्यासाठी घ्यायची की, संसर्गाच्या खड्यात जंतू खड्याच्या आतच अडकलेले असतात. एखादा कण राहिला तर त्याच्याभोवती नवे थर बसू लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पुन्हा चित्र घेतात. रुग्णालयातून निघताना रुग्णाच्या हाती बहुधा एक लहान बाटली दिली जाते, तिच्यात खड्याचे तुकडे असतात. लोक ती घरी नेऊन पाहुण्यांना दाखवतात. आमचे सांगणे असे की, दाखवण्याआधी त्यातला एक तुकडा प्रयोगशाळेत जाऊ द्यावा. कॅल्शियम ऑक्झलेट निघाले तर पाणी भरपूर आणि मीठ बेताचे, युरिक आम्ल निघाले तर लघवी अल्कधर्मी ठेवणारे औषध, आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट निघाले तर जंतूंचा पाठपुरावा, आणि तोही बरे वाटू लागल्यावर न थांबता.